‘ताखोउ’ : घास आणि श्वास सांगणारा एक चिनी शब्द

वर्षावास संपत आला की आमच्या बीड जिल्ह्यात दोन गोष्टी पाठोपाठ होतात. विहारात आषाढ पौर्णिमेपासून सुरू झालेलं ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन आश्विन पौर्णिमेला पूर्ण होतं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ऊसतोडीचे ट्रक, ट्रॅक्टर गावाच्या फाट्यावर येऊन उभे राहतात. काल विहारात खीर वाढणारी बाई परवा कोयता घेऊन गाडीत बसलेली असते. माझी माय अशीच कित्येक हंगाम कारखान्याला गेली. मी तिच्या उचलीवर शिकले, एम.ए. झाले आणि आज याच जिल्ह्यात समाजकार्य करते.

दोन वर्षांपूर्वीच्या वर्षावासात पाटोदा तालुक्यातल्या एका विहारात आनापानसतीवर चर्चा चालली होती. बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलानं विचारलं, “ताई, बुद्धाची ही सुत्तं चीनमध्ये पण गेली म्हणता. मग तिथले लोक श्वासाला काय म्हणतात?” मला सांगता आलं नाही. इंग्रजी पुस्तकांतून मिळालेलं चार ओळींचं ज्ञान मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही. त्या रात्रीपासून मी मोबाईलवर चिनी शिकायला लागले. रोज अर्धा तास, घरातली कामं उरकल्यावर.

या लेखात त्या भाषेतल्या एकाच शब्दाबद्दल सांगणार आहे. शब्द छोटा आहे. पण त्यानं मला माझ्याच मराठीकडे, माझ्या मायच्या जेवणाकडे आणि धम्मातल्या एका शिकवणीकडे नव्यानं बघायला लावलं.

दोन वाक्यं, एकच शब्द

धड्यात पहिलं वाक्य आलं : ‘था ताखोउ त छ्रफान.’ अर्थ दिला होता, तो मोठमोठे घास घेत जेवतो आहे. मी लगेच वहीत लिहिलं, ‘ताखोउ म्हणजे बकाबका’. पुढचं वाक्य आलं : ‘था ताखोउ त हूशी.’ हूशी म्हणजे श्वासोच्छ्वास. आता बकाबका श्वास कसा घेणार? मी वहीतला अर्थ खोडला. तिसऱ्या वाक्यात तोच शब्द पाणी पिण्याला लागला होता, तिथे मराठीत ‘घटाघटा’ आलं असतं.

म्हणजे जेवणं, पिणं आणि श्वास घेणं या तिन्ही क्रियांना चिनी भाषा एकच क्रियाविशेषण लावते. क्रियाविशेषण म्हणजे क्रिया कशी घडली हे सांगणारा शब्द, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मराठीत प्रत्येक क्रियेला वेगळा शब्द आहे. खाणं बकाबका, गपागपा, मटामटा. पिणं घटाघटा. श्वासाला तर आपण क्रियाविशेषण कमीच लावतो. आपण सरळ ‘धापा टाकतो’, नाहीतर आपल्याला ‘दम लागतो’.

‘ताखोउ’ची फोड अगदी सोपी आहे. ‘ता’ म्हणजे मोठं, ‘खोउ’ म्हणजे तोंड. मोठं तोंड करून, म्हणजेच तोंडभरून. तोंडातून आत काय जातं, अन्न, पाणी की हवा, ते पुढचं क्रियापद सांगतं. याच्या उलट ‘श्याओखोउ’. श्याओ म्हणजे लहान. लहान घासानं, लहान घोटानं. घाई किंवा जोर दाखवायचा असेल तर ‘ताखोउ ताखोउ’ असं दोनदा म्हणतात. ही सवय आपल्याला परकी नाही. आपणही ‘घोट घोट’, ‘मोठेमोठे’ म्हणतोच.

मध्ये जो ‘त’ आला आहे तो शब्दाला क्रियेशी जोडतो, आपल्या ‘मोठ्यानं’मधल्या ‘नं’सारखा. गंमत म्हणजे तो ज्या चिन्हानं लिहितात त्याचा मूळ अर्थ जमीन असा आहे. तिथे त्याचा उच्चार ‘ती’ होतो.

लिहायलाही हा शब्द नवशिक्यांचा मित्र आहे. ‘खोउ’चं चिन्ह म्हणजे एक चौकोन, उघडं तोंड. ‘ता’चं चिन्ह म्हणजे हात पसरून, पाय फाकवून उभा राहिलेला माणूस. मोठं कसं दाखवायचं? तर माणसानं दोन्ही हात जमतील तेवढे पसरायचे. विहारातल्या लहान मुलांना मी ही दोन चिन्हं खडूनं काढून दाखवली, तर पाच मिनिटांत सगळ्यांच्या पाटीवर उतरली.

रोमन लिपी फसवते, देवनागरी मदत करते

इथे एक कामाची गोष्ट सांगते, कारण यामुळे माझे तीन महिने वाया गेले. चिनी शिकवणारी बहुतेक साधनं उच्चार रोमन अक्षरांत देतात. त्यात या शब्दाचा पहिला भाग इंग्रजी ‘डी’नं आणि दुसरा ‘के’नं लिहितात. आपण साहजिकच ‘डाकोउ’ वाचतो. ऐकणाऱ्या चिनी माणसाला ते कळत नाही.

खरी गोष्ट अशी की, चिनी भाषेत ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’, ‘प’ आणि ‘फ’ असा अल्पप्राण-महाप्राण फरक महत्त्वाचा आहे. रोमन पद्धतीत ‘डी’ म्हणजे आपल्या ‘त’च्या जवळचा उच्चार आणि ‘टी’ म्हणजे ‘थ’च्या जवळचा. ‘के’ म्हणजे ‘ख’, ‘जी’ म्हणजे ‘क’. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक पकडायला त्रास होतो. आपण तर तो बाराखडीबरोबर शिकतो. म्हणून माझी सूचना आहे, पहिल्या दिवसापासून उच्चार देवनागरीत लिहा. मराठी माध्यमात शिकल्याची लाज वाटणाऱ्या आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगा. जिल्हा परिषदेच्या शाळेत घोकलेले ‘क, ख, ग, घ’ इथे थेट उपयोगी पडतात.

अडचण आहे ती सुरांची. प्रत्येक अक्षराला सूर असतो आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘ता’ वरून खाली झपकन पडतो, एखाद्याला ‘जा!’ म्हणून दरडावल्यासारखा. ‘खोउ’ खाली खोल जातो आणि मग थोडा वर येतो. तो ‘असं होय?’ म्हणताना आपला आवाज जातो तसा. हे वाचून येत नाही. ऐकावं लागतं आणि मोठ्यानं म्हणावं लागतं. मी स्वयंपाक करताना म्हणायचे. माय विचारायची, “काय बडबडू लागलीस गं एकटीच?”

आपल्या मराठीत शब्दालाच टोमणा चिकटलेला

आता मुद्द्यावर येते. ‘ताखोउ’चा अर्थ मी आधी ‘बकाबका’ लिहिला होता. तो का चुकला, ते नीट पाहू.

‘बकाबका’ हा शब्द फक्त घास मोठा होता एवढं सांगत नाही. खाणारा कसा माणूस आहे, हेही सांगतो. हावरट, आधाशी, वळण नसलेला. त्यात टोमणा आहे. आणि मी समाजशास्त्र शिकले असल्यानं मला विचारावंसं वाटतं, हा टोमणा कोणाला बसतो? घरात जो पोटभर आणि वेळेवर जेवतो त्याला सहसा बसत नाही. तो बसतो गड्याला, पाहुण्या आलेल्या गरीब नातेवाइकाला, पंगतीच्या शेवटी बसणाऱ्याला, वसतिगृहातल्या पोराला.

मला तो बसला आहे. शिक्षण संपल्यावर पहिल्यांदा शहरात एका प्रशिक्षणाला गेले होते. दुपारी जेवायला बसलो. माझं ताट इतरांच्या निम्म्या वेळात रिकामं झालं. शेजारच्या ताई हसून म्हणाल्या, “अगं हळू, कोणी हिसकावून नेत नाहीये.” सगळे हसले. मीही हसले. त्या वाईट नव्हत्या. पण उरलेले तीन दिवस मी लहान घास मोजत जेवले आणि अर्धपोटी उठले. माझ्या आडनावाची आणि गावाची चौकशी त्याच जेवणानंतर झाली, हेही आठवतं.

घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, “आपण काय हौसेनं गिळतो का? गाडी भरायची असली म्हणजे कोण बसून खातंय.”

तिचं म्हणणं ज्यांनी फड पाहिला आहे त्यांना लगेच कळेल. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी धरतात. तिला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल त्या कोयत्यावर दिली जाते. बाई पहाटे तीन-चारला उठून कोपीत भाकरी थापते, अंधारातच फडात जाते. नवरा ऊस तोडतो, ती पाला काढते, मोळ्या बांधते. मग डोक्यावर मोळी घेऊन गाडीपर्यंत जाणं, फळीवरून वर चढणं. गाडी कधी येईल ते आपल्या हातात नसतं. आली की हातातला घास तसाच टाकून उठावं लागतं. एखाद्या दिवशी काम झालं नाही तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. अशा कामात माणूस कसा जेवणार आणि कसा श्वास घेणार? दोन्ही एकाच पद्धतीनं. घास मोठा, श्वास मोठा. फळीवरून खाली उतरलेली बाई तोंड उघडून हवा घेते आणि त्याच तोंडात भाकरी कोंबते.

म्हणून मला तो चिनी शब्द पटला. फडावरच्या बाईचं खाणं आणि दम लागणं ही मराठीत दोन वेगळी चित्रं आहेत. एकाला आपण बकाबका म्हणून हसतो आणि दुसऱ्याची कीव करतो. ‘ताखोउ’ दोन्हींना एकच मानतो. एका देहाला जे कमी पडलं आहे, ते तो तोंडभरून घेतो आहे, एवढंच.

चिनी भाषा काही स्वर्गातून आलेली नाही

इथे सावध राहायला हवं. दुसऱ्यांची भाषा शिकताना सगळं तिथलं चांगलं वाटायला लागतं. चिनीतही टोमणे आहेत. खाण्यावर तुटून पडणाऱ्यासाठी ‘लांग थुन हू यान’ असा चार अक्षरी वाक्प्रचार आहे : लांडग्यासारखं गिळणं, वाघासारखं घशाखाली घालणं. ‘ताखोउ’ मात्र स्वतः निर्णय देत नाही. धावून आलेला माणूस ताखोउ श्वास घेतो. आजारी माणूस घेतो. डोंगरावर पोचलेला माणूस मोकळी हवाही ताखोउ घेतो, जिला आपण ‘मोकळा श्वास’ म्हणतो. चांगलं की वाईट, ते आजूबाजूच्या वाक्यावरून ठरतं.

‘खोउ’ या शब्दाचा आणखी एक उपयोग समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. घासाला, घोटाला आणि श्वासाला मोजतानाही हाच शब्द लागतो : एक खोउ भात, एक खोउ पाणी, एक खोउ हवा. ‘एका दमात’ म्हणायचं तर ‘ई खोउ छी’, एक तोंड हवा. आणि घरात माणसं किती, हे विचारतानाही ‘किती खोउ?’ असं विचारतात. लोकसंख्येला शब्द आहे ‘रेनखोउ’, माणूस-तोंड. आपल्याकडेही ‘घरात खाणारी तोंडं किती?’ असं म्हणतातच. पण कामाला माणसं लागली की चिनी माणूस ‘रेनशोउ’ म्हणतो, माणूस-हात.

तोंड आणि हात. कुटुंब मोजायचं तर तोंडं, मजूर मोजायचे तर हात. आमच्या जिल्ह्यात तर हातही मोजत नाहीत, हातातलं हत्यार मोजतात. ‘यंदा किती कोयते?’ मुकादमाच्या वहीत कोयते असतात. त्या कोयत्यांना तोंडं आहेत, त्यांना घास आणि श्वास लागतो, हे वहीत कुठेच येत नाही.

सतिपट्ठान काय सांगतं?

आता धम्माकडे. मज्झिमनिकायातलं सतिपट्ठान सुत्त आपल्यापैकी अनेकांनी वाचलं आहे. त्यातल्या कायानुपस्सनेची सुरुवात श्वासापासून होते. श्वास दीर्घ असेल तर तो दीर्घ आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचं. पुढे संपजञ्ञाच्या भागात चालणं, वाकणं, चीवर सांभाळणं यांच्याबरोबर खाणं, पिणं, चावणं, चव घेणं येतं. तेही जाणून करायचं. म्हणजे श्वास आणि घास हे दोन्ही एकाच अनुपस्सनेखाली आहेत. दोन्ही देहाच्या क्रिया आहेत.

आणि जाणण्याची रीत पाहा. आखूड श्वासाला तिथे कोणी वाईट म्हणत नाही. आधी पाहा, जसं आहे तसं जाणा. हे ‘जसं आहे तसं’ आपल्याला श्वासाबद्दल जमतं, दुसऱ्याच्या घासाबद्दल जमत नाही.

इथे एखादा अभ्यासू मित्र म्हणेल, “ताई, पण विनयात तर मोठा घास घेऊ नये असा नियम आहे.” बरोबर आहे. पातिमोक्खाच्या ७५ सेखिय नियमांपैकी ३० नियम जेवणाशी संबंधित आहेत. घास फार मोठा करू नये, घास जवळ येण्याआधीच तोंड उघडू नये, तोंडात घास असताना बोलू नये. ‘चपुचपु’ आवाज करू नये आणि ‘सुरुसुरु’ आवाज करू नये असेही नियम आहेत. हे पाली शब्द ऐकून माय खूप हसली. अडीच हजार वर्षांत माणसाच्या तोंडाचा आवाज काही बदललेला नाही. घासाला पालीत ‘कबळ’ म्हणतात, तोच आपल्या जुन्या मराठीतला ‘कवळ’.

चीनमध्ये पाचव्या शतकाच्या सुरुवातीला धम्मगुत्तिक परंपरेचा विनय भाषांतरित झाला. चीन, तैवान, कोरिया, व्हिएतनाममधले भिक्खू आजही तो पाळतात. त्यात सेखिय नियम १०० आहेत. भाताचा मोठा गोळा करू नये आणि तोंड मोठं उघडून घासाची वाट पाहू नये, हे नियम तिथेही आहेत. या दुसऱ्या नियमात आपले ‘ता’ आणि ‘खोउ’ दोन्ही आहेत, मध्ये ‘उघडणे’ हे क्रियापद घालून. आठ महिन्यांच्या अभ्यासानंतर विनयाच्या ओळीत ही दोन ओळखीची चिन्हं दिसली तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

मग विनय आणि त्या शहरातल्या ताई एकच सांगत होत्या का? मला तसं वाटत नाही. सेखिय म्हणजे शिकण्याच्या गोष्टी. भिक्खू दुसऱ्यांनी कष्टानं पिकवलेलं अन्न दान म्हणून घेतो. म्हणून त्या अन्नासमोर कसं वागायचं, हे तो स्वतःवर घालून घेतो. नियमाचा प्रत्येक शब्द ‘मी असं करीन’ असा आहे. उपाशी माणसाच्या ताटात डोकावून ‘तू असं कर’ म्हणायला तो नाही. अन्न मिळणार आहे याची खात्री असलेल्यानं संयम शिकावा. ज्याला खात्रीच नाही त्याला आधी खात्री द्यावी.

हे माझं मत आहे, पण त्याला आधार आहे. धम्मपदाच्या सुखवग्गात भुकेविषयी एक गाथा आहे. तिच्यामागची कथा अट्ठकथेत येते. आळवी नगरात भगवान बुद्ध देसना द्यायला आले. एका गरीब शेतकऱ्याला ऐकायला यायचं होतं, पण त्याचा बैल हरवला. दिवसभर रानोमाळ हिंडून, बैल शोधून, तो उपाशीपोटी थेट सभेत आला. बुद्ध तोवर बोलायचे थांबले होते. तो आल्यावर त्यांनी आधी विचारलं, भिक्खूंच्या जेवणातलं काही उरलं आहे का? त्याला वाढायला लावलं. तो जेवून शांत झाला, मग देसना सुरू केली. काही भिक्खूंना हे वावगं वाटलं. भुकेल्या माणसाला धम्म समजणार नाही, असं बुद्धांनी त्यांना समजावलं.

दिवसभर बैलामागे धावलेला तो माणूस त्या सभेत कसा जेवला असेल? लहान घास मोजत नक्कीच नाही. ताखोउ जेवला असेल. आणि धापाही तशाच टाकत आला असेल. अट्ठकथेत त्याला ‘हळू खा’ म्हणणारं कोणी नाही.

‘आनपान’ची वाट

आता त्या बी.एस्सी.च्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. चीनमध्ये श्वासाच्या ध्यानावरचा सुरुवातीचा ग्रंथ आन श्-काओ यांच्या नावावर आहे. ते पार्थियातून आलेले भाषांतरकार. इ.स. १४८ च्या सुमारास ते ल्वोयांगला पोचले. त्या ग्रंथाच्या नावातले पहिले दोन शब्द रोमन लिपीत वाचले तर ‘अनबान’ वाटतात. मला कितीतरी दिवस काही बोध झाला नाही. मग वर सांगितलेला नियम लावला. रोमन ‘बी’ म्हणजे चिनी उच्चारात आपला ‘प’. मोठ्यानं म्हटलं : ‘आनपान’. आपलं आनापान! भाषांतरकारांनी शब्दाचं भाषांतर न करता आवाजच चिनी चिन्हांत उतरवला होता. आणि तो जवळपास १,९०० वर्षांनी आमच्या विहारात परत ऐकू आला.

त्या जुन्या भाषांतरांत श्वासाला ‘शी’ हा शब्द येतो. त्याच्या चिन्हात वर नाकाचं जुनं चित्र आहे आणि खाली हृदय. याच शब्दाचा दुसरा अर्थ विसावा. ‘सति’साठी जे चिन्ह वापरलं त्यात वर ‘आत्ता’ आणि खाली हृदय दिसतं. अर्थात वरचा भाग मुळात उच्चार दाखवण्यासाठी घातलेला आहे, त्यामुळे त्यावर फार मोठं तत्त्वज्ञान उभारू नका. लक्षात ठेवायला सोपं, एवढंच.

चिनी शिकून बौद्ध वाङ्मय वाचणारे मराठी लोक आधीही होऊन गेले. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट हे त्यातलं मोठं नाव. चिनीत जपलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ची त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’शी तुलना केली, ते पुस्तक १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झालं. ‘समन्तपासादिका’ या विनय-अट्ठकथेची एक चिनी आवृत्ती आहे. पाचव्या शतकाच्या शेवटी संघभद्र यांनी ती केली. बापटांनी जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्यासोबत तिचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९७० साली भांडारकर संस्थेनं छापलं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथल्या जखमींशी बोलता यावं म्हणून तेही चिनी शिकले. आणि उलट्या दिशेनं ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आले, परत जाताना ६५७ ग्रंथ घेऊन गेले. म्हणजे ही वाट जुनी आहे. आपल्या वस्त्यांतली पोरं तिच्यावर कमी दिसतात, एवढंच.

भाषा कोणी शिकायची, हा आपल्याकडे कधीच साधा प्रश्न नव्हता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतः मिळवलं. पालीचा शब्दकोश आणि व्याकरण यावर त्यांनी काम केलं, ते त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात आहे. देशाचं संविधान, हिंदू कोड बिल, आजारपण हे सगळं सांभाळणारा माणूस पालीचे शब्द गोळा करत बसला होता. आपल्याला रोजचा अर्धा तास जड का व्हावा?

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी

माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते.

पहिली, एकट्यानं शिकू नका. विहारात आठवड्यातून एकदा तिघं-चौघं बसा आणि मोठ्यानं बोला. सूर एकट्याला कळत नाहीत.

दुसरी, उच्चार देवनागरीत आणि शब्द वाक्यासकट लिहा. मी ‘ताखोउ’समोर एकच मराठी शब्द लिहिला म्हणून फसले. तीन वाक्यं लिहिली असती तर फसले नसते.

तिसरी, आजची चिनी आणि सुत्तांतली जुनी चिनी यांत मोठं अंतर आहे. मोबाईलवरचे धडे करून आगम वाचता येणार नाहीत. पण चिन्हं ओळखीची होतात आणि पाली सुत्त शेजारी ठेवून एकेक ओळ लावता येते. चिनी त्रिपिटक तैवानच्या ‘सीबेटा’ या संस्थेनं इंटरनेटवर फुकट ठेवलं आहे. त्यामुळे पाली आधी, चिनी तिच्या जोडीला.

चौथी, शिकलेला प्रत्येक शब्द आपल्या वस्तीत आणून बघा. तो इथल्या माणसाबद्दल काही सांगतो का? नाही सांगितलं तर पुढच्या शब्दाकडे जा.

मी विहारात आता एक छोटा उपक्रम करते. आनापान झाल्यावर मुलांना विचारते, आज घरात सगळ्यात शेवटी कोण जेवलं आणि कसं जेवलं? फक्त पाहून यायचं, शेरा मारायचा नाही. पहिल्या आठवड्यात जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच आलं : आई, उभ्यानं, चुलीपाशी, भराभर. एका मुलीनं सांगितलं की तिनं आईला बसायला पाट दिला आणि स्वतः भाकरी थापायला घेतली. चिनी भाषेच्या अभ्यासाचं यापेक्षा चांगलं फळ मला माहीत नाही.

माय आता कारखान्याला जात नाही. गुडघे गेले, श्वासही पुरत नाही. तरी ती अजून तशीच जेवते, पाच मिनिटांत ताट साफ. मी पूर्वी तिला “हळू खा ना माय” म्हणायचे. तिच्या तब्येतीच्या काळजीनं म्हणायचे, पण सूर त्या शहरातल्या ताईंचाच होता, हे आता कळतं. हल्ली मी काही म्हणत नाही. तिच्या शेजारी ताट घेऊन बसते आणि तिचं होईपर्यंत उठत नाही. परवा तिनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, मोठा श्वास घेतला आणि विचारलं, “ह्याला काय म्हणतात गं तुझ्या भाषेत?”

मी सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं. ‘ख’ तिचा पहिल्या दमात बरोबर आला.

जय भीम, नमो बुद्धाय!